मेलेलं पाणी

अक्का, नणंदेवर कुणी असं लिहीत नाही. नणंदेवर बायका ओव्या म्हणतात, आणि त्यातही निम्मे टोमणेच असतात. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. घरात सगळे तुमच्याबद्दल बोलतात. तुमचा भाऊ तर जेवता जेवता थांबतो, काहीतरी आठवून हात धुवायला उठतो आणि परत ताटावर येतच नाही. मी मात्र अजून कुणाशी धड बोललेले नाही. मला जे बोलायचं आहे ते तुमच्याशीच आहे, आणि तुमच्याशी बोलायची माझी सवय वाद घालायची. तेव्हा हेही थोडं तसंच होईल.

मी लग्न होऊन बोरीला आले तेव्हा तुम्ही माहेरपणाला आला होतात. पोरगी परभणीच्या कॉलेजात शिकवते, एवढंच तुमच्या कानावर होतं. काय शिकवते, असं तुम्ही विचारलंत आणि मी नव्या नवरीच्या नम्रपणानं सांगितलं, जंतूंवर काम करते. तुम्ही 'जंत' ऐकलंत. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला कळलं की बापूची बायको जंतांची डॉक्टरीण आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई पोटदुखीचं लेकरू घेऊन ओट्यावर हजर. मी रडकुंडीला आले. तुम्ही हसून हसून खाली बसलात. पुढं जंत आणि जंतू यातला फरक मी तुम्हाला किमान दहा वेळा समजावला असेल. तुम्हाला तो पहिल्याच दिवशी कळला होता, हे मला फार उशिरा समजलं. मला चिडवण्यात तुम्हाला मजा यायची.

पाणी तपासायच्या माझ्या पट्टीचंही तेच. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ती बनवायला घेतली आणि खऱ्याखुऱ्या गावातलं पाणी हवं म्हणून मी तुमच्याकडं आले. सेलूला रेल्वेतून उतरायचं, तिथून वालूरच्या रस्त्याला लागायचं आणि वालूरच्या पुढं तुमच्या फाट्यावर उतरून चालत यायचं. दोन्ही मुलं पुण्याला, घरात तुम्ही आणि दाजी. तुमच्याकडं वेळ होता, आणि गावात कुणाच्या घरात काय शिजतंय इथपासून कुणाचं पोट बिघडलंय इथपर्यंत सगळी खबर तुमच्याकडं आधी यायची. मी ओसरीवर बसून पट्टी दाखवली. बोटाच्या दोन पेरांएवढी. त्यावर काळ्या शाईच्या दोन रेघा आणि मध्ये हिरवा लेप. म्हटलं, हा लेप प्लास्टिकच्याच जातीचा आहे, पण यातून वीज जाते. वाईट जंतू धरून ठेवणारी प्रथिनं आम्ही त्याच्यावर चिकटवलीत. पाण्यात तो जंतू असला की तिथं अडकतो, विजेची वाट बिघडते आणि ह्या छोट्या मीटरवर आकडा चढतो. तुम्ही पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केलीत.

"प्लास्टिकातून वीज जात असती तर आमच्या गावचा वायरमन कवाच गेला असता," म्हणालात.

मला हसू आलं नाही. मी त्यावर अर्धा तास बोलले. साधं प्लास्टिक वेगळं, हे वेगळं, ह्याच्या कणांची रचनाच अशी की विजेला वाट मिळते, वगैरे. तुम्ही मेथी निवडत ऐकत होतात. शेवटी एकच विचारलंत: ह्याचा उपयोग काय? मी सांगितलं, पाणी तपासायची जुनी रीत म्हणजे काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि दोन दिवस वाट बघायची. दोन दिवसांत अर्धं गाव दवाखान्यात पोचतं. ह्या पट्टीनं वीस मिनिटांत कळेल. मेथीच्या काड्या तुम्ही सुपात टाकल्यात आणि म्हणालात, मग दे इथं. त्यानंतर आम्हाला तुमच्याइतकं नेमानं काम करणारं माणूस मिळालं नाही, आणि आमच्याकडं पगारी माणसं होती.

दर सोमवारी तुमचा उपास आणि तीन पाण्यांची तपासणी. गोड्या विहिरीचं, बोअरचं आणि नळाचं. तुमच्या वहीत विहिरीला 'ईहीर' लिहिलेलं असायचं आणि आकड्यांपुढं शेरे: 'गढूळ', 'वास हाय', 'पाटलाच्या म्हशी धुतल्या'. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदींत असं काही नसतं. त्यांच्या नोंदीत नुसते आकडे असतात, आणि नुसत्या आकड्यांवरून मला कधी म्हशी दिसल्या नाहीत.

बोअरच्या पाण्यात पट्टीचा हिरवा रंग निळा पडतो, हे तुम्ही मला फोनवर सांगितलंत तेव्हा मी तुमच्यावर खेकसले होते. तुम्ही ऊन लागू दिलं असेल, ओल्या हातानं धरली असेल, असं काहीबाही बोलले. प्रयोगशाळेत तर रंग कधी बदलला नव्हता. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तुम्ही माझ्यासमोर तांब्यात पट्टी बुडवलीत. निळी पडली. तो लेप आंबट पाण्यात हिरवा राहतो आणि वीज नेतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात तो निळा पडतो आणि वीज नेणं सोडतो. हे पुस्तकात होतं. मी स्वतः ते शिकवलेलं होतं. पण आम्ही मोजून मापून केलेल्या पाण्यात तपासत बसलो होतो, आणि परभणी जिल्ह्यातली माणसं जे पाणी पितात ते आमच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं. तुमच्या तांब्यानं आमचं वर्ष वाचवलं. मी तुमचे आभार मानले नाहीत. "बरं झालं बघितलं," असं म्हणाले. नणंद-भावजयीत एवढंही पुष्कळ, असं तेव्हा वाटलं होतं.

मग आम्ही त्या लेपात बारीक कार्बन मिसळायला लागलो, म्हणजे पाणी कसंही असलं तरी वीज टिकून राहावी. तुम्ही विचारलंत, कार्बन म्हणजे काय? मी घाईत म्हटलं, काजळी समजा. महिन्याभरानं तुमच्या भावाच्या हाती एक पुडी आली. एरंडेलाचा दिवा लावून, त्यावर तांब्याचं ताट पालथं घालून तुम्ही काजळी धरली होती, नातवांच्या डोळ्यांसाठी धरता तशी, आणि निरोप होता की शोभाला म्हणावं विकतची कशाला आणतीस. प्रयोगशाळेत ती पुडी बघून सगळे हसले. मीही हसले. पण सगळे गेल्यावर मी ती शाईत कालवून एक पट्टी बनवली होती, अक्का. वीज गेली. फार थोडी गेली, कामाची नव्हती, पण गेली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ते साऱ्या तालुक्याला सांगितलं असतं, ह्या भीतीनं. आता वाटतं, सांगू द्यायचं होतं.

आपल्या दोघींचे मोठे वाद दोनच. दोन्ही अर्धेच राहिले.

पहिला पट्टीचा. गावात पाणीपुरवठ्याच्या माणसानं टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की तुम्ही मुद्दाम दुसऱ्या दिवशी पाणी तपासायच्या. आकडा चढलेलाच असायचा. पावडरीनं जंतू मेले, मग मीटर काय मोजतंय? मी सांगितलं की पट्टी जंतूचं अंग धरते. तो जिवंत आहे की मेलेला, ते तिला कळत नाही. तुम्ही ओसरीवरून दाजींना हाक मारलीत.

"ऐकलं का, शोभाच्या पट्टीला जितं-मेलेलं कळत न्हाई म्हनं."

तुम्हाला हे एवढं आवडलं की पुढं कुणीही आलं की तुम्ही ते सांगायच्या. मला झोंबायचं. झोंबायचं, कारण आमचं काम तपासायला येणारी मोठी माणसं इंग्रजीत नेमकं हेच म्हणत होती. बशीत जंतू वाढतो, म्हणजे तो जिवंत आहे हे सिद्ध होतं. त्याला दोन दिवस लागतात. पट्टी वीस मिनिटांत बोलते, पण अर्धंच बोलते. ह्या दोघींच्या मध्ये माझी दहा वर्षं गेली.

दुसरा वाद पाणी उकळण्याचा. मी आले की आधी तेच. अक्का, आकडा चढलाय, उकळून प्या. अक्का, आकडा नाही चढला तरी पावसाळा आहे, उकळून प्या. आणि तुमचं ठरलेलं उत्तर, की उकळलं की पाणी मरतं. त्याला चव राहत नाही, ते घशाखाली उतरत नाही, तहान भागत नाही. उकळलेलं पाणी बाळंतिणीला द्यायचं आणि आजाऱ्याला.

"मी काय बाळंतीण हाय का आता," असं म्हणून तुम्ही रांजणातला तांब्या तोंडाला लावायच्या, माझ्याकडं बघत, मुद्दाम.

मी चिडून शास्त्र सांगायची. उकळल्यानं पाण्यातली हवा निघून जाते, म्हणून चव बदलते, पाणी काही मरत नाही. दोन भांड्यांतून वरखाली ओतलं की चव परत येते. तुम्ही म्हणायच्या, मेलेल्याला कितीबी वरखाली करा. पण मी मुक्कामाला आले की चुलीजवळ एक झाकलेला तांब्या असायचा, फडक्यानं गुंडाळलेला. तुजं मेलेलं पाणी तिकडं ठिवलंय, म्हणायच्या. मी येणार म्हणून तुम्ही पहाटे उठून पाणी उकळून, गाळून, निववून ठेवायच्या. स्वतःसाठी एकदाही नाही. माझ्यासाठी एकदाही चुकला नाहीत. मी ते पाणी पिऊन, त्याच ओसरीवर बसून, तुम्हाला परत उकळण्यावरून बोलायची.

शेवटी शेवटी हा वाद नुसता रिवाज झाला होता. मी फोनवर म्हणायचं, उकळा. तुम्ही म्हणायचं, बरं बाई. दोघींनाही माहीत असायचं की काही होणार नाही. मोठ्या नणंदेला किती वेळा सांगायचं, असं मी तुमच्या भावाजवळ कुरकुरायची. तो म्हणायचा, नको सांगू मग.

त्या मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा माझ्याकडं प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरचे परीक्षक बसले होते. मी दाराबाहेर येऊन फोन घेतला. तुमच्या गल्लीत दोन घरांत जुलाब लागले होते, म्हणून तुम्ही सोमवारची तपासणी झालेली असूनही परत नळाचं पाणी तपासलं होतं. आकडा एवढा चढला होता की तुम्ही दुसरी पट्टी घेऊन परत बघितलंत. तोच आकडा. पावडर कधी टाकली, मी विचारलं. काल संध्याकाळी टाकली म्हणाला माणूस, तुम्ही सांगितलंत. आणि मी, अक्का, एका दमात सगळं सांगितलं. पावडर पडली आहे म्हणजे जंतू मेलेले असणार. पट्टीला ते कळत नाही, तुम्हाला तर ठाऊकच आहे. एक बाटली भरून दुधाच्या गाडीसोबत पाठवा, मी बशीत टाकते, परवापर्यंत नक्की कळेल.

"म्हंजे मेलेलेच असतेन म्हणायलीस?"

असतील, म्हणाले मी. मग तुम्ही विचारलंत, आनिक काय? मला वाटलं घरचं विचारताय. मी म्हटलं, तुमच्या भावाचा गुडघा बरा आहे. बरं, म्हणालात आणि फोन ठेवलात.

उकळा, असं मी म्हटलं नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. तो शब्द तोंडाशी आला होता. मग पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं, तुमचं पाणी मरतं, बाळंतीण, मेलेल्याला कितीबी वरखाली करा, आणि आत परीक्षक बसलेले. मी तो शब्द गिळला. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला ते म्हटलं नाही, आणि मला बरं वाटलं. हलकं वाटलं, अक्का.

बाटली दुपारी आली, बर्फात गुंडाळलेली, वर तुमच्या हाताची चिठ्ठी: 'नळ. वास न्हाई.' मी बशीत टाकली आणि उबेच्या पेटीत ठेवली. बुधवारी दुपारीच उघडून बघितलं, पुरे दोन दिवस थांबायची गरज पडली नाही. काळपट लाल थरावर हिरव्या चमकीचे ठिपके, बशीभर. विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा आम्ही म्हणतो, बघा काय सुंदर चमक आली आहे. सगळे जिवंत होते. नंतर कळलं की पावडर जुनी होती, उघड्या पोत्यात पडून तिचा जोर कधीच निघून गेला होता. माणसानं टाकली होती हे खरं. त्याचीही चूक म्हणवत नाही. त्याला जे पोतं मिळालं ते त्यानं टाकलं.

मी तुम्हाला फोन लावला. तीनदा लावला. मग दाजींना लावला. दाजी म्हणाले, सेलूच्या दवाखान्यात आणलंय, रात्रीपासून जुलाब लागलेत. तुम्ही सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? साऱ्या गावाच्या पोटाची खबर ठेवणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोटाचं कुणाला सांगायचं? दाजींनाही अंगणात तुमचा पाय घसरलेला बघून कळलं.

परभणीला आणलं तेव्हा तुमचे डोळे आत गेले होते, पण शुद्ध होती. सलाईन चालू होतं. लघवी थांबलेली होती. मी तुमच्या पलंगाशी उभी होते आणि मला सगळं कळत होतं. हे मी वर्गात शिकवते. किती पाणी गेलं की काय होतं, साठीच्या पुढं, बीपीच्या गोळ्या चालू असताना किडनीचं काय होतं, हे मी फळ्यावर बाण काढून दाखवते. तिथं उभी राहून मी काय केलं? तुमचे ओठ ओल्या फडक्यानं पुसले. तेही नर्सनं सांगितलं म्हणून.

तुम्ही मला हातानं जवळ बोलावलंत. आवाज अगदी खोल गेला होता.

"बशीत काय आलं गं?"

मी म्हणाले, अजून बघितली नाही, अक्का, उद्या बघते. तुम्ही मान हलवलीत. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी कितीतरी वाकडं बोलले, पण खोटं बोललेले ते एकदाच. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

डॉक्टर भला माणूस आहे. मी त्याला कोपऱ्यात गाठून विचारलं की लागण कधी झाली असेल. तो म्हणाला, मॅडम, तुम्हालाच ठाऊक आहे, मंगळवारी पण असेल, रविवारी पण असेल. गल्लीत आजार आधीपासून होता. म्हणजे अक्का, तुम्ही फोन करायच्या आधीच ते पाणी तुमच्या पोटात गेलेलं असू शकतं. मग मी उकळा म्हटलं असतं तरी काय फरक पडला असता? हे मी स्वतःला रोज समजावते. हिशेबानं ते बरोबर आहे. दुसऱ्या कुणी विद्यार्थिनीनं मला येऊन असं विचारलं असतं तर मी तिला पाठीवर हात ठेवून हेच सांगितलं असतं, आणि तिला ते पटलंही असतं. मला पटत नाही. मी शोधतेय, एखादी तपासणी, एखादी खूण, ज्यावरून रविवार की मंगळवार हे कळेल. अशी तपासणी नाही. माझ्या धंद्यातच ती नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पट्टी बरोबर होती. दोन्ही पट्ट्या. माझा सहकारी परवा हळूच म्हणाला की मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण गावात, साध्या नळाच्या पाण्यात, शिकलेल्या माणसाच्या हाताशिवाय पट्टीनं बशीच्या आधी खरं सांगितलेलं हे पहिलंच उदाहरण आहे. लिहायला हवं. तो काही दुष्ट नाही. त्याचं म्हणणं खरंच आहे. दहा वर्षं आम्ही हेच तर मागत होतो, की पट्टीनं वीस मिनिटांत सांगावं आणि कुणाचा तरी जीव वाचावा. तिनं वीस मिनिटांत सांगितलं. तुम्ही तो आकडा वाचलात, मला कळवलंत. मग ते माझ्यापाशी येऊन थांबलं. तो लेख मी लिहीन की नाही, ठाऊक नाही. लिहिला तर त्यात तुमचं नाव येणार नाही, असल्या लेखांत येत नसतं. तुम्ही 'प्रशिक्षित स्थानिक महिला' व्हाल. तुम्हाला हसू येईल. काय प्रशिक्षण दिलं होतं मी तुम्हाला, मेथी निवडता निवडता?

तुमच्यावर मला रागही येतो, अक्का. एकदा तरी ऐकायचं होतं. एवढ्या हट्टानं प्यायला त्या पाण्यात काय गोडी होती? माझ्यासाठी तांब्याभर पाणी उकळायला तुमच्याकडं पहाटेचा वेळ होता, तेच पातेलं थोडं मोठं ठेवलं असतं तर? हे मनात येतं आणि लगेच शरम वाटते. गेलेल्या माणसाशी भांडण्यात तोटा असा की आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं. तुम्ही असतात तर एका वाक्यात मला गप्प केलं असतंत.

तेराव्याला तुमच्या गावी गेलो होतो. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, मुलं आत सामान आवरत होती. दाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. तुम्हाला ठाऊकच आहे, दाजी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. माझं ठरलं होतं. बशीचं, पट्टीचं, मंगळवारचं, सगळं सांगायचं आणि मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. त्या घरात माझा हात पाण्याला लावू देऊ नये असं त्यांना वाटलं तरी चालेल, पण तुमच्या माणसाला खरं ठाऊक असावं.

मी सुरुवात केली. दाजी, मंगळवारी अक्कांचा फोन आला होता, असं म्हणाले. पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात दाजींनी मान हलवली. त्यांना ठाऊक होतं, म्हणाले. तुम्ही फोन केलात तेव्हा ते इथंच बसले होते. आणि मग, माझी समजूत काढावी म्हणून, अगदी मायेनं, त्यांनी मला सांगितलं.

"तिनं त्या दिशी पातेलं ठिवलं व्हतं चुलीवर. फोन व्हायच्या आधी. घाबरली व्हती आकडा बघून. तुजा फोन झाला आन् उतरवलं. म्हणली, शोभा आज उकळा म्हणली न्हाई. म्हंजे पानी चांगलं हाय."

दाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुजा लय भरोसा व्हता तिला, म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नको.

दहा वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझं ऐकत नाही. मी त्यांना सांगायला गेले होते ते मी सांगितलं नाही. तुमचा भाऊ हाक मारत होता, गाडी उभी होती. मी उठले, दाजींच्या पाया पडले आणि निघून आले. त्यांना अजूनही वाटतंय की त्या दिवशी मी विचार करून, पारखून, तुम्हाला उकळा म्हटलं नव्हतं. त्यांना कधी सांगता येईल, मला माहीत नाही. तुम्हाला तरी सांगते.

पाणी चांगलं नव्हतं, अक्का. मी नुसती वाद घालायला कंटाळले होते.